पांढऱ्या पडलेल्या पाटल्या

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी हसू येतं आणि पाठोपाठ कान गरम होतात. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, एकदा तर चोरीला गेलेला अख्खा उसाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट शोधून आणला. पण चार माणसांत बसलो आणि कुणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं, की मला हटकून आठवतात त्या चार तोळ्यांच्या पाटल्या. नाव मी कुणाचंच घेणार नाही. त्यातली सगळी माणसं खुशाल आहेत, आणि त्यात सर्वांत मोठा गाढवपणा माझाच होता. अब्रू गेलीच तर माझी जाईल.

नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं ठाणं होतं. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय, त्याला इलाज नाही. गाव आठवडे बाजाराचं. बाजार तिसगावएवढा मोठा भरत नसे, पण आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या लोटत. तुळशीची लग्नं नुकतीच उरकली होती, म्हणजे माणसांच्या लग्नांची घाई सुरू. सकाळी दहाला ठाणे अंमलदार चार्ज देत-घेत असताना एक बाई तरातरा आत आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, काष्टा घट्ट, आवाज त्याहून घट्ट. मागे त्यांची लग्नाला आलेली मुलगी, मान खाली घालून. बाईंना सगळी वस्ती मावशी म्हणे, मीही तेच म्हणतो.

मावशींनी माझ्या टेबलावर एक फडकं सोडलं. त्यात दोन पाटल्या होत्या, पांढऱ्याफटक.

“चांदीच्या पाटल्या. बरं, मग?” मी म्हणालो.

“चांदीच्या न्हाईत साहेब, सोन्याच्या हायेत! म्हंजी हुत्या. त्या सोनारानं माजं सोनं खाल्लं बगा. चांदीवर सोन्याचं पानी देऊन माज्या गळ्यात मारल्या. आता पानी उडालं अन् आतलं पांडरं निगालं. आट दिवसांवर पोरीची हळद आली, काय घालू तिच्या हातात?”

हकिगत अशी. पाटल्या मावशींच्या लग्नातल्या, बाजारपेठेतल्या सोनारअप्पांकडेच घडवलेल्या. दिवाळीच्या पाडव्याच्या आधी त्यांनी त्या अप्पांकडे उजळायला दिल्या, अप्पांनी चार दिवसांनी परत केल्या. पाडव्याला हातात घातल्या तेव्हा पिवळ्याधमक होत्या. मग काढून ठेवल्या, त्या काल लग्नासाठी बाहेर काढल्या तर ह्या अशा.

“ठेवल्या कुठं होत्या?” मी विचारलं.

“गव्हाच्या कोठीत.”

“कपाटात का नाही?”

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की गुन्हा मीच केलाय. “तुमीच तर शाळेपुढं मीटिंगीत सांगितलं, सोनं कपाटात ठिवू नका म्हनून!”

आमचे हवालदार खोकला आल्यासारखं करून बाहेर गेले. मी गावोगावी सांगत होतो की दागिने कपाटात ठेवू नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. लोकांनी भाषणाचा अर्धा भाग घेतला होता आणि सोनं धान्यात पुरलं होतं. तशी ती आपल्याकडची जुनीच रीत. चोर कपाट फोडतो, चार पोती गहू उपसत कोण बसतंय?

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. मी तक्रारी अर्ज घेतला, गुन्हा लगेच दाखल न करता आधी चौकशी करायचं ठरवलं. दोन पंच बोलावले. पाटल्यांचं वजन करायला सोनाराचा काटा नको, संशयितही सोनारच, म्हणून समोरच्या मिठाईवाल्याचा काटा आणला. चाळीस ग्रॅम भरल्या. हवालदारांनी पंचनाम्यात लिहिलं, ‘पांढऱ्या धातूच्या पाटल्या दोन नग, एकूण वजन चाळीस ग्रॅम.’ पंचांच्या सह्या घेतल्या, पाटल्यांचं फडक्यासकट पुडकं बांधलं, लाखेचं सील ठोकलं आणि कपाटात ठेवून दिलं. मावशींनी आणलेल्या जुन्या पावतीवरही चाळीसच ग्रॅम होतं. मी ती पावती पंचनाम्याला टाचणीने जोडली आणि दोन्ही कागद न वाचल्यासारखे फायलीत सारले. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. मला मात्र वेळेवर पडलं नाही.

दुपारी आमचा एक खबऱ्या आला. त्याची पानाची टपरी एसटी स्टँडवर, त्यामुळे गावात कोण कुठे जातं ते त्याला त्यांच्या बायकांच्या आधी कळे. तो कानाशी लागला, “साहेब, अप्पा ह्या म्हैन्यात तीनदा नगरला गेल्तं. दुकान बंद करून. खिशात रुमालात बांदलेलं काहीतरी हुतं, सारखं चाचपत हुतं. म्या इचारलं, काय अप्पा, काय घिऊन चाल्ले? तर तोंडावर हात ठिवून नुसतं हूं केलं.”

झालं! सत्तरीला आलेला सोनार, दुकान बंद करून नगरला जातो, रुमालात काहीतरी लपवतो, विचारलं तर बोलत नाही. सोनं विकायला याहून चांगली चाल कोणती असणार? मी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली.

नेमका त्या दिवशी बाजार होता. मी नोटीस पाठवून त्यांना बोलावू शकलो असतो. ठाणं दुकानापासून पाच मिनिटांवर, हवालदारांना साध्या कपड्यांत धाडलं असतं तरी म्हातारा काठी टेकत आला असता. पण मला वाटलं, जरा वचक बसावा. भाजीवाल्या, भांडीवाले, लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाया, या सगळ्यांच्या देखत मी अप्पांना दुकानातून उठवलं आणि जीपमध्ये बसवलं. अप्पांनी निघताना भट्टीतला निखारा विझवला, तराजूवर फडकं टाकलं आणि माझ्यामागे आले.

चौकशीची माझी एक पद्धत होती. आधी चहा द्यायचा. ज्याच्या मनात काही नाही तो चहा बशीत ओतून फुर्र करून पितो, ज्याच्या मनात पाप तो कप तसाच धरून बसतो. वीस वर्षं हे शास्त्र मी नव्या पोलिसांना शिकवलं होतं. अप्पांनी कपाला हातच लावला नाही. मी मनात म्हटलं, सापडला.

“मावशींच्या पाटल्यांचं काय केलंत?”

“उजळून दिल्या,” अप्पा ओठ न उघडता बोलल्यासारखं पुटपुटले.

“मग त्या पांढऱ्या कशा झाल्या?”

“एकदा हातात द्या, सांगतो.”

“मुद्देमाल संशयिताच्या हातात देत नसतात.”

“बरं, वजन तरी किती भरलं साहेब?”

“प्रश्न मी विचारणार,” मी टेबलावर हात आपटला. “नगरला तीन वेळा कशाला गेला होतात?”

एकदा विचारलं, दोनदा विचारलं, फिरवून विचारलं. म्हातारा तोंडावर हात ठेवून जमिनीकडे बघत बसला. अंगझडती घ्यायची नव्हती, पण मी म्हणालो, “खिशातला रुमाल काढा.” त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी रुमाल काढून टेबलावर उघडला.

आत दातांची कवळी होती.

मग अप्पांनी ती उचलून तोंडात बसवली आणि पहिल्यांदा नीट बोलले. “नगरच्या दातवाल्यानं बनवून दिली साहेब. टोचत हुती. म्हनलं चाळीस वर्सं लोकांचं दागिनं घासतोय, एवडं तर आपल्याला जमंलच. घातली कानस. लई घासली. मग ती ढिली झाली, बोलताना बाहेर यायला लागली. दातवाला म्हनला, कुणी केलं हे? सांगू कसं? तीनदा गेलो, तीनदा शिव्या खाल्ल्या. आता खिशातच ठिवतो. बिनदाताच्या तोंडातनं चहा गळतो, म्हनून चारचौघांत पित न्हाई.”

हवालदार पुन्हा खोकत बाहेर गेले. त्यांचा तो खोकला दिवसभर राहिला. माझ्या बशीच्या शास्त्राचे बारा वाजले. पण एवढ्यानेही मी शहाणा झालो नाही. कवळी खरी, पण पाटल्या तर पांढऱ्याच होत्या ना! मी अप्पांचा जबाब लिहून घेतला, ‘बोलावल्यास हजर राहीन’ अशी सही घेतली आणि त्यांना सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टाच्या कामाला निघालो होतो, जीप पेठेतून गेली. अप्पांच्या दुकानापुढे बायांची रांग होती. मला वाटलं लग्नसराईचं गिऱ्हाईक. हवालदार म्हणाले, “गिऱ्हाईक न्हाई साहेब, आपापलं सोनं माघारी न्यायला आल्यात.” उजळायला दिलेलं, सांधायला दिलेलं, कुणाची डोरल्याची वाटी, कुणाची बोरमाळ. अप्पा एकेक पुडी उघडून, वजन करून, ज्याच्या-त्याच्या हातात देत होते. कुणाशी वाद नाही, चढा आवाज नाही. आणि म्हातारा हसत होता हो! प्रत्येकीला “बगून घ्या ताई” म्हणत होता. चाळीस वर्षं त्या पेठेत पावतीशिवाय सोनं ठेवलं जात होतं, ते एका दुपारच्या माझ्या वचकाने रिकामं झालं. मला कसंतरीच झालं. पण मी ड्रायव्हरला म्हणालो, “चल पुढे.”

तिसऱ्या दिवशी अप्पा स्वतःहून ठाण्यात आले. कवळी बसवलेली, धुतलेलं धोतर, हातात कापडी पिशवी.

“साहेब, दुकान आता रिकामं झालं. मला काय काम न्हाई. पंच बोलवा, मावशीला बोलवा, तुमी सोता उभं ऱ्हावा. पन त्या पाटल्या मला एकदा दावा. चोर असलो तर तितंच बेड्या घाला. एवडं मागनं हाय.”

खरं सांगतो, मला कायद्यापेक्षा माझ्या तोऱ्याची जास्त काळजी होती. तरी त्या रिकाम्या दुकानाचं दृश्य डोळ्यांपुढून जात नव्हतं. मी तेच दोन पंच बोलावले. मावशी मुलीला घेऊन आल्या, आल्या आल्या अप्पांकडे पाठ फिरवून बसल्या. पंचांसमोर सील तोडलं आणि पुडकं उघडलं.

अप्पांनी पाटल्या तळहातावर घेतल्या, एकदा वरखाली केल्या आणि विचारलं, “वजन किती लिवलंय?”

या वेळी मी फाईल उघडून वाचलं. “चाळीस ग्रॅम.”

“अन् पावतीवर?”

“चाळीस.”

अप्पा खुर्चीत मागे टेकले. “साहेब, सोनं चांदीपेक्षा लई जड. हाच आकार, हीच जाडी चांदीची केली तर तेवीस-चोवीस ग्रॅमच्या वर काटा जानार न्हाई. चाळीस भरल्या म्हंजी हे सोनंच हाय.”

माझ्याच पंचनाम्यात, माझ्याच सहीखाली, तीन दिवस उत्तर लिहिलेलं होतं. त्या पेठेतल्या कुठल्याही सोनाराने ते एका नजरेत वाचलं असतं. पण मी तो कागद दाखवला होता कुणाला? पावतीसकट फायलीत सारून ठेवला होता.

“तोंडानं काय बी सांगतंय!” मावशी भिंतीकडे बघत म्हणाल्या. “सोनं हाय तर पिवळं दिसंना का?”

अप्पांनी पिशवीतून काळा कसोटीचा दगड काढला. पाटली त्यावर हलकेच ओढली, पांढुरकी रेघ उठली. मावशी “बगा बगा!” करून ओरडल्या. अप्पांनी त्यांची परवानगी मागितली, आतल्या कडेला कानशीने जरासं घासलं, तीच कडा पुन्हा दगडावर ओढली. यावेळी रेघ पिवळी आली. भिंगातून पाहिल्यावर पांढऱ्याखाली अप्पांचा जुना शिक्काही दिसला. दोन्ही पंच दगडावर वाकून डोकी आपटायच्या बेतात होते.

मग अप्पांनी जणू मीच शिकाऊ कारागीर आहे अशा सुरात मला समजावलं. ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो. चांदी ठेवल्या ठेवल्या काळी पडते. तांबं हिरवं धरतं. पितळ कळकटतं. सोन्यात तांबं जास्त मिसळलं तर लालसर झाक येते, चांदी जास्त मिसळली तर फिकी. पण चांगल्या सोन्याला घाम काही करत नाही, पाणी नाही, माती नाही. शंभर वर्षं पुरलं तरी पिवळंच निघतं. “फकस्त एका गोष्टीपुडं सोनं हार मानतं. पारा. पारा लागला की तो सोन्यात घुसतो अन् वरून पांडरं करून टाकतो.” एवढं सांगून ते मावशींकडे वळले. “मावशी, गव्हात किडं हुऊ नये म्हनून काय घातलं हुतं?”

बोलली ती मुलगी, तीन दिवसांत पहिल्यांदा. “आई, पारद टिकड्या.”

“त्या तर समदीच घालत्यात!” मावशी म्हणाल्या.

“घालत्यात. पण आपल्या पाच-सहा उरल्या हुत्या. दादाची पोरं तोंडात घालतील म्हणून तू त्या पाटल्यांच्या फडक्यातच बांधल्यास.”

कोठीतलं ते फडकं मावशींनी पहिल्या दिवशी आणलेलंच होतं. मी पुडक्यातून काढून झटकायला गेलो, तर अप्पांनी माझा हात धरला आणि माझ्या बोटातल्या अंगठीकडे बोट दाखवलं. फडक्याच्या घड्यांत करड्या टिकड्यांचा चुरा होता. पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत पाटल्या पाऱ्याशेजारी झोपल्या होत्या.

मावशींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. क्षणभर मला वाटलं त्या रडतील. पण ती बाई उठली, अप्पांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अप्पा, माजं चुकलं. माजी जीब झडू दे.”

“जीब ऱ्हाऊ द्या मावशी,” अप्पा म्हणाले, “हळदीला गानी कोन म्हननार?”

हवालदारांना या वेळी खोकल्याचं सोंग करता आलं नाही, ते सरळ हसले. मावशींनी अर्ज मागे घेत असल्याचा जबाब दिला, मी पाटल्या पोच घेऊन त्यांच्या ताब्यात दिल्या, आणि त्यांनी त्या तिथल्या तिथे अप्पांच्या पिशवीत टाकल्या. अप्पांनी त्या उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, सगळ्यांना लांब उभं करून तापवल्या. पाऱ्याची वाफ विषारी, हे घरी कुणी करू नये, मी पोलिसी भाषेत बजावून सांगतो. तापल्यावर पांढरेपणा गेला, पाटल्या मळकट पिवळ्या झाल्या, मग अप्पांनी घासूनपुसून त्या झळझळीत केल्या. पोरीने हळदीच्या आदल्या दिवशी हातात घातल्या.

प्रकरण कागदोपत्री मिटलं. पण दुकान रिकामंच होतं. मावशी पेठभर सांगत सुटल्या, तरी लोक म्हणत, पोलिसांनी उचलून नेलं होतं म्हणजे काहीतरी असणारच. हे ‘उचलून नेलं’ माझं होतं, ते मावशींना पुसता येणार नव्हतं.

म्हणून पुढच्या बाजाराला, पेठ फुलली असताना, मी वर्दीत, पायी, एकटा अप्पांच्या दुकानी गेलो. भाजीवाल्यांनी हात थांबवले. लोकांना वाटलं आता बेड्या. मी पायरीवर बसलो, बोटातली माझ्या लग्नातली अंगठी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “अप्पा, ही जरा उजळून द्या. पावती नको. आणि त्या दिवशी मी तुम्हाला जीपमध्ये घातलं, ते माझं चुकलं.”

अप्पांनी अंगठी घेऊन सवयीने कसोटीवर ओढली. रेघेकडे पाहिलं. पुन्हा ओढली, पुन्हा पाहिलं. मग मला जवळ बोलावलं. पेठ कान टवकारून होती. अप्पा माझ्या कानाशी आले आणि इतक्या हळू बोलले की मलाच जेमतेम ऐकू आलं. “साहेब, सासऱ्यांनी दिली का? ह्यात सोनं अर्ध्यापरीस थोडंच जास्त हाय. बाकी तांबं.”

अप्पा मागे सरकले आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले, “झ्याक अंगठी हाय साहेब! उद्या देतो!”

आणि हसले, नवी कवळी सगळी दाखवत.

मी त्या माणसाची चाळीस वर्षांची पत भर बाजारात, शंभर माणसांदेखत, नुसत्या संशयावर उधळली होती. त्याच बाजारात त्याच्या हातात माझ्या सासऱ्यांची अब्रू आली, तीही पुराव्यासकट, दगडावर रेघ उठलेली. त्याने ती कानात सांगून राखली. चौकशी कशी करावी यावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आणि दिलीही, पण ती कशी करावी हे मला त्या पायरीवर कळलं. त्यानंतर नोकरीची जेवढी वर्षं राहिली, तेवढ्यात मी कुणालाही साध्या संशयावर चारचौघांतून उठवून नेलं नाही. आणि पंचनामा लिहिला की ज्याला त्यातलं कळतं अशा माणसासमोर तो आधी मोठ्याने वाचून घेतला. बशीचं शास्त्र मी त्या दिवसापासून शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंगठी आणायला गेलो, तर दुकानात बसायला जागा नव्हती. मावशी सर्वांत पुढे, हातात नथ घेऊन.

अंगठी आजही माझ्या बोटात आहे. दोन-तीन महिन्यांनी तिला लालसर झाक येते, मी अप्पांकडे नेतो, ते काही न बोलता उजळून देतात. आमच्या घरातल्या धान्यात आता कडुनिंबाचा पालाच असतो. बायकोला वाटतं, तिच्या वडिलांनी बावीस कॅरेटची अंगठी दिली होती. हे छापून आल्यावर तिला खरं कळेल. तेव्हा काय व्हायचं ते होवो, पण अप्पांनी एवढी वर्षं सांभाळलं, हे तिलाही कळलं पाहिजे.